पदवीचा भाव आणि पदवीचे मोल

बारावीचे निकाल लागले की आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात पालकांची वर्दळ सुरू होते. असेच एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा माझाच विद्यार्थी, गुणही उत्तम. हातात अमेरिकेतील एका विद्यापीठाचे गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक होते. 'संगणकीय माहिती प्रणाली' या विषयाची चार वर्षांची पदवी, आणि खाली ठळक अक्षरांत पदवीधरांचा सरासरी पगार. वडील म्हणाले, "सर, आकडा तर चांगला दिसतोय. घर तारण ठेवून कर्ज काढावं म्हणतो. तुमचं काय मत?"

मत देण्यापूर्वी मी मुलाला विचारले, "अरे, प्रयोगवहीत तू नुसतेच '३८' असे लिहिलेस, तर मी काय करतो?"

"तांबडी फुली मारता, सर," तो हसून म्हणाला.

का बरे? कारण नुसत्या ३८ ला काही अर्थ नाही. ते अंश आहेत की सेंटिमीटर? कशाने मोजले? कोणत्या पदार्थाचे? वाचन एकदाच घेतले की दहा वेळा? प्रयोगशाळेत आपण हे प्रश्न सवयीने विचारतो. परंतु पदवीचा खर्च आणि पदवीनंतरचा पगार यांचे आकडे समोर आले, की ती सवय आपण चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो. वास्तविक तेही एक मोजमापच आहे. ते कसे वाचावे, हे आज आपण पाहू.

ही पदवी कसली?

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. संगणकशास्त्र आणि संगणकीय माहिती प्रणाली हे दोन विषय जुळे भाऊ नव्हेत, फार तर चुलत भाऊ म्हणता येतील. संगणकशास्त्राचा विद्यार्थी गणन म्हणजे काय, एखादी रीत जलद का चालते, यंत्राच्या पोटात काय घडते, याचा अभ्यास करतो. माहिती प्रणालीचा विद्यार्थी संस्थेकडे पाहतो. बँकेतील खाती, रुग्णालयातील नोंदी, कारखान्याच्या गोदामातील माल यांची माहिती कशी साठवावी, कशी सुरक्षित ठेवावी आणि निर्णयासाठी कशी वापरावी, हा त्याचा विषय. म्हणूनच अनेक विद्यापीठांत हा अभ्यासक्रम विज्ञान शाखेत नसून वाणिज्य शाखेत असतो.

याचा परिणाम आकड्यांवर होतो. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सांकेतिक क्रमांक असतो. संगणक व माहितीशास्त्राचा गट ११ क्रमांकाचा, तर व्यवसाय व्यवस्थापनाचा ५२ क्रमांकाचा. 'व्यवस्थापन माहिती प्रणाली' हा विषय ५२ मध्ये बसतो. म्हणजे जवळपास सारखेच शिकलेल्या दोन पदवीधरांची गणना दोन वेगवेगळ्या रकान्यांत होऊ शकते. म्हणून आकडा पाहण्याआधी रकाना पाहावा.

एका वर्गात तीन भाव

ते माहितीपत्रक आपण क्षणभर बाजूला ठेवू आणि ज्याचे आकडे उघड आहेत असे एक उदाहरण घेऊ. न्यू यॉर्क शहरात बारूक कॉलेज नावाचे महाविद्यालय आहे. ते न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा भाग असून तेथील वाणिज्य शाखेत संगणकीय माहिती प्रणालीची पदवी मिळते. येथील बहुतेक विद्यार्थी वसतिगृहात न राहता घरून ये-जा करतात. गरिबांच्या मुलांना विनाशुल्क उच्च शिक्षण मिळावे म्हणून १८४७ मध्ये या शहराने 'फ्री अकॅडमी' नावाची संस्था स्थापन केली. तिच्याच जागेवर आज बारूकची एक इमारत उभी आहे. पुढे सिटी युनिव्हर्सिटीनेही ही परंपरा चालविली. मात्र शहर आर्थिक संकटात सापडल्यावर १९७६ मध्ये शिकवणी शुल्क सुरू झाले.

२०२४-२५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील रहिवाशाला येथे पूर्णवेळ शिक्षणासाठी वर्षाला ६,९३० डॉलर शिकवणी शुल्क होते. चार वर्षांचे झाले २७,७२० डॉलर.

आता दुसरा विद्यार्थी पाहा. अमेरिकेत गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांना केंद्र सरकार 'पेल अनुदान' देते. हे अनुदान आहे, कर्ज नव्हे. ते फेडावे लागत नाही. २०२४-२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. ती शुल्कापेक्षाही अधिक आहे! ज्याला पूर्ण अनुदान मिळाले, त्याचे शिकवणी शुल्क जवळजवळ शून्यावर आले.

तिसरा विद्यार्थी आपल्याकडचा, म्हणजे नाशिकचा किंवा मडगावचा समजा. तो न्यू यॉर्कचा रहिवासी नाही. त्याच्यासाठी दर होता प्रत्येक श्रेयांकास ६२० डॉलर. वर्षाला ३० श्रेयांक घेतले, तर १८,६०० डॉलर, आणि चार वर्षांचे ७४,४०० डॉलर. पेल अनुदान परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. शिवाय घर दूर असल्याने खोलीचे भाडे आणि जेवणखाण वेगळे.

एकच वर्ग, तोच फळा, तेच प्राध्यापक. आणि भाव तीन! म्हणून 'या पदवीला खर्च किती?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'या पदवीला कोणाला किती खर्च?' असे विचारले पाहिजे. छापील शुल्क आणि अनुदान वजा जाता प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत इतका फरक पडतो, की अमेरिकेत २०११ पासून महाविद्यालयांना आपल्या संकेतस्थळावर ही निव्वळ रक्कम काढून देणारे गणकसाधन ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले.

न दिसणारा खर्च

खर्चाची एक बाजू मात्र कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. चार वर्षे शिकताना विद्यार्थी जे कमावू शकला असता, ते त्याने सोडून दिलेले असते.

आपण गणित मांडू. न्यू यॉर्क शहरात २०२४ मध्ये किमान वेतन तासाला १६ डॉलर होते. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे काम धरले, तर

१६ × ४० × ५० = ३२,००० डॉलर वर्षाला.

चार वर्षांचे १,२८,००० डॉलर! राज्यातील रहिवाशाचे चार वर्षांचे शुल्क २७,७२० डॉलर होते, हे आठवा. म्हणजे सोडलेली कमाई शुल्काच्या साडेचार पटींहून अधिक भरते. पदवीसाठी आपण सर्वांत महाग गोष्ट देतो ती पैसा नव्हे, वेळ होय.

अर्थात, अनेक विद्यार्थी शिकता शिकता अर्धवेळ काम करतात. त्यामुळे सोडलेली कमाई कमी होते. पण मग चार वर्षांचा अभ्यासक्रम पाच-सहा वर्षे चालतो. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीसाठी 'किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले' हे सहा वर्षांनंतर मोजण्याची पद्धत आहे, यावरून ही गोष्ट किती सर्वसाधारण आहे ते कळते. आणि जो मध्येच शिक्षण सोडतो, त्याचा खर्च होतोच, पदवी मात्र हाती येत नाही. सरासरी पगाराच्या ओळीत अशा विद्यार्थ्याला बहुधा जागाच नसते.

सरासरीची गंमत

आता मिळकतीकडे वळू. समजा, एका वर्गातील पाच पदवीधरांचे वार्षिक पगार हजार डॉलरांत असे आहेत: ४५, ५५, ६०, ६५ आणि ७५. बेरीज ३००, म्हणून सरासरी ६०. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, तोही ६०. सर्व काही ठीक.

आता शेवटच्या पदवीधराचे नशीब फळफळले आणि त्याचा पगार ७५ वरून ७७५ झाला असे समजा. बेरीज झाली १,०००, आणि सरासरी झाली २००. म्हणजे दोन लाख डॉलर! परंतु उरलेल्या चौघांच्या खिशात एक डॉलरही वाढलेला नाही. मध्यक मात्र जागचा हललेला नाही. तो ६० च आहे.

अमेरिकेत संख्याशास्त्राच्या वर्गांत याबाबत एक किस्सा रंगवून सांगतात. प्रख्यात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची पदवी १९८६ मध्ये घेतली, आणि त्याचा विषय होता भूगोल. तेव्हा त्या विद्यापीठातील भूगोलाच्या पदवीधरांची 'सरासरी' मिळकत काय झाली असेल, याची कल्पना करा! पण म्हणून कोणी नकाशाच्या वह्या घेऊन श्रीमंत व्हायला निघू नये.

तात्पर्य, पगाराचा आकडा दिसला की तो सरासरी आहे की मध्यक, हे विचारा. आपल्याकडील जाहिरातींत तर पुष्कळदा सरासरीही नसते. एकाच विद्यार्थ्याला मिळालेले सर्वोच्च 'पॅकेज' छापलेले असते. वर्गातील सर्वांत उंच मुलाची उंची सांगून साऱ्या वर्गाचे गणवेश शिवण्यासारखेच ते झाले.

मोजले कोणाला?

मध्यक सांगितला तरी काम संपत नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये संगणक व माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायांतील पगाराचा मध्यक वर्षाला १,०४,४२० डॉलर होता. सर्व व्यवसायांचा मिळून ४८,०६० डॉलर. दुपटीहून अधिक! पण हा आकडा कोणाचा? त्यात वीस वर्षे नोकरी केलेलेही आले आणि काल लागलेलेही. त्यात निरनिराळ्या पदव्यांचे लोक आहेत, आणि काहींकडे पदवीही नाही. याच गटात वापरकर्त्यांच्या संगणकविषयक अडचणी सोडविणारे साहाय्यक मोडतात. त्यांचा मध्यक मात्र ६० हजारांच्या आसपास होता. नव्या पदवीधराने पहिल्याच दिवशी एक लाखाची अपेक्षा धरणे म्हणजे गावातील सर्व झाडांच्या उंचीचा मध्यक काढून नुकत्याच लावलेल्या रोपाकडून तेवढ्याच उंचीची अपेक्षा धरण्यासारखे आहे.

याहून नेमके मोजमाप म्हणजे २०१५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने प्रसिद्ध केलेले 'कॉलेज स्कोअरकार्ड'. विद्यार्थी स्वतःचा पगार काय सांगतो, यावर ते विसंबत नाही. कराच्या नोंदींवरून मिळकत काढली जाते, आणि तीही मध्यकाच्या रूपात. २०१९ पासून ती अभ्यासक्रमवारही दिली जाऊ लागली. फार चांगली सोय! पण येथेही एक अट आहे. ज्यांनी केंद्र सरकारचे शैक्षणिक अनुदान किंवा कर्ज घेतले, तेवढेच विद्यार्थी या मिळकतीच्या मोजणीत येतात. परदेशी विद्यार्थ्याला ते मिळत नसल्याने तो या आकड्यात नसतोच. म्हणजे आपला नाशिकचा मुलगा ज्या आकड्यावर आपले भवितव्य जोखणार, त्या आकड्यात त्याच्यासारखा एकही विद्यार्थी मोजलेला नाही!

शिवाय एक मोठा प्रश्न उरतोच. पदवीधर अधिक कमावतो, तो पदवीमुळे की मुळातच त्याच्यात असलेल्या गुणांमुळे, घरच्या पाठबळामुळे? प्रयोगशाळेत आपण एक चल बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. माणसांच्या बाबतीत तसे करणे सोपे नसते. म्हणून दोन आकड्यांतील सगळा फरक पदवीच्या खात्यावर जमा करू नये.

वर्गात बसले आहे कोण?

मिळकतीचा आकडा वर्गात कोण बसले आहे यावर अवलंबून असतो, हे एकदा कळले, की विद्यार्थ्यांची मोजणी महत्त्वाची वाटू लागते.

मुलींचेच पाहा. अमेरिकेत संगणक व माहितीशास्त्राच्या पदवीधरांत १९७०-७१ मध्ये मुली शेकडा १४ च्या आसपास होत्या. १९८३-८४ मध्ये हे प्रमाण शेकडा ३७ वर गेले. यावरून कोणी पुढची रेघ ओढली असती, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक मुली असतील असे भाकीत केले असते. प्रत्यक्षात काय झाले? आलेख वळला. २०१०-११ मध्ये प्रमाण शेकडा १८ च्याही थोडे खाली होते. २०२०-२१ पर्यंत ते विशीच्या थोडे वर आले.

मुलींची बुद्धी १९८४ नंतर कमी झाली, असे तर कोणी म्हणणार नाही. कारण बाहेरचे असले पाहिजे. घरगुती संगणक १९८० च्या दशकात आले. त्यांची जाहिरात मुलग्यांचे खेळणे म्हणून झाली, आणि महाविद्यालयात येण्यापूर्वीच मुलग्यांचा हात यंत्रावर बसला, हे एक कारण सांगितले जाते. त्याला बळकटी देणारे एक उदाहरण कार्नेगी मेलन विद्यापीठातले. तेथे प्रवेश देताना आज्ञावली लिहिण्याच्या पूर्वानुभवाला दिले जाणारे महत्त्व कमी केले गेले, आणि नवशिक्यांना सामावून घेणारे वर्ग सुरू झाले. तेथील संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षात १९९५ मध्ये मुली शेकडा ७ होत्या. २००० मध्ये त्या शेकडा ४२ झाल्या. दार तेच, फक्त उंबरठा खाली आणला.

दुसरी मोजणी गरीब विद्यार्थ्यांची. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांची एक वेगळीच पाहणी प्रसिद्ध केली. ती एका विषयाची नव्हे, संपूर्ण महाविद्यालयाची आहे. पण तिची रीत आपल्या उपयोगाची आहे. त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. एक, महाविद्यालयात सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांतील विद्यार्थी किती? दोन, त्यांपैकी किती जण तिशी ओलांडल्यावर आपल्या वयाच्या लोकांत सर्वाधिक कमाईच्या पंचमांशात पोहोचले? आणि मग या दोहोंचा गुणाकार केला.

न्यू यॉर्क राज्यातील दोन विद्यापीठे घ्या. कोलंबिया हे जगप्रसिद्ध खाजगी विद्यापीठ. तेथे दर शंभरांत सुमारे ५ विद्यार्थी गरीब घरचे; त्यांपैकी शेकडा ६१ वर पोहोचले. गुणाकार केला, तर दर शंभरांत सुमारे ३. स्टोनी ब्रूक हे राज्य सरकारचे विद्यापीठ. तेथे गरीब घरचे सुमारे १६. त्यांपैकी शेकडा ५१ वर पोहोचले. गुणाकार सुमारे ८. केवळ यशाचे प्रमाण पाहिले तर कोलंबिया पुढे. पण गरिबाघरची किती मुले वर नेली, असे विचारले तर स्टोनी ब्रूक अडीच पटींहून पुढे! प्रश्न बदलला की पहिला क्रमांकही बदलतो.

नळ उशिरा तापतो

शेवटचा मुद्दा काळाचा. न्हाणीघरातील गरम पाण्याचा बंब दूर असला, तर नळ सोडल्यावर पाणी थंडच येते. आपण अधीर होऊन नळ आणखी सोडतो, आणि थोड्या वेळाने हात भाजतो. मग घाईने बंद करतो, आणि पुन्हा गारठतो. परिणाम उशिरा पोहोचत असला की असे हेलकावे होतात.

पदव्यांचेही तसेच आहे. अमेरिकेत संगणक व माहितीशास्त्राचे पदवीधर १९८५-८६ मध्ये सुमारे ४२ हजार झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास ते २४ हजारांच्या आसपास उतरले. मग इंटरनेट कंपन्यांची लाट आली. मुलांनी गर्दी केली. मार्च २००० नंतर शेअर बाजारात ती लाट फुटली. पण पदवीधरांचा आकडा शिगेला पोहोचला तो २००३-०४ मध्ये, सुमारे ५९ हजारांवर. का? कारण ते सारे लाट चढत असताना, १९९९-२००० च्या सुमारास, दाखल झाले होते! त्यांच्यामागून येणारे बिचकले, आणि २००८-०९ मध्ये आकडा ३८ हजारांच्या आसपास आला. पुन्हा चढून २०२०-२१ मध्ये तो एक लाखावर गेला. त्यानंतर २०२२ च्या अखेरीपासून मोठमोठ्या कंपन्यांनी नोकरकपात सुरू केली.

यावरून 'संगणक शिकू नका' असा अर्थ काढू नका. आजचा पगार हा चार वर्षांपूर्वी दाखल झालेल्यांचा निकाल आहे. तुमचा निकाल चार वर्षांनंतरच्या बाजारात लागणार आहे, एवढेच ध्यानात घ्यायचे.

त्या पत्रकाचे काय झाले?

माझ्या विद्यार्थ्याने त्याच दिवशी वहीत पाच प्रश्न लिहून काढले. हा पगार सरासरी की मध्यक? किती पदवीधरांचा, आणि उरलेल्यांचे काय? पदवीनंतर किती वर्षांनी मोजलेला? माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्याचा एकूण खर्च किती? दाखल झालेल्यांपैकी किती जण पदवी पूर्ण करतात? ते त्याने विद्यापीठाला कळविले. तीन प्रश्नांची उत्तरे आली. त्यांत एक असे, की ज्या पदवीधरांनी आपण होऊन माहिती कळविली, त्यांच्याच पगारांची ती सरासरी होती. ज्याला चांगली नोकरी लागते तोच हौसेने फॉर्म भरतो, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

वडिलांनी घर तारण ठेवले नाही. मुलाने इथेच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पुढे परदेशी जायचे की नाही, ते तो पदवीनंतर ठरवणार आहे. त्याचा निर्णय बरोबर की चूक, हे मी सांगू शकत नाही. पण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला आहे, याचे मला समाधान वाटते.

मित्रांनो, तुम्हीही एक प्रयोग करा. कोणत्याही अभ्यासक्रमाची जाहिरात कापून वहीत चिकटवा. तिच्यातील प्रत्येक आकड्यासमोर चार रकाने आखा: कोणाचा, केव्हाचा, कशाने मोजलेला, आणि कोणाला वगळलेले. जे रकाने कोरे राहतील, त्यांची उत्तरे मिळवल्याशिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आणि शिक्षकांनो, तांबडी फुली मारायला मुळीच संकोच करू नका.